मारोतरावांना कोणी सांगितलं नाही

रायपूरकडच्या मरोद्यात आमच्या शेजारी मारोतराव राहतात. घराणं गोंदियाकडचं, शेतकऱ्याचं. जन्म गेला इथल्या पोलादाच्या प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये, आणि रिटायर होता होता काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. पण माणूस स्वस्थ बसणारा नाही. त्यांची मुलगी दिपाली घरूनच वेबसाइट बनवते, आणि तिची खासियत अशी की तिच्या वेबसाइट आंधळ्या माणसालाही वापरता येतात. फोन पानावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. मात्र चित्रात काय आहे, बटण कशाचं आहे, हे बनवणाऱ्याने मागे लिहून ठेवलेलं असलं तरच. नाहीतर तो नुसता ‘चित्र’, ‘बटण’ म्हणत बसतो. तेवढं लिहायचे कष्ट कोणी घेत नाही. डोळस लोकांचा आळस, दुसरं काय.

दिपालीची प्रत्येक वेबसाइट आधी मारोतरावांच्या हाती जायची. व्हरांड्यात खुर्ची टाकून, फोन कानाला लावून ते ती तपासायचे आणि चुका काढताना पोटच्या पोरीचीही गय करायचे नाहीत. एकदा कुरुदच्या एका साडीवाल्याच्या पानावर तिने ‘सुंदर साडी’ एवढंच लिहिलं, तर म्हणाले, सुंदर आहे की नाही ते मी ठरवीन, तू रंग सांग, काठ सांग. दिपालीला ते इतकं पटलं की पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला ती तेच ऐकवायची. जे डोळसाला दिसतं ते आंधळ्याला कळलंच पाहिजे, गोड लागो की कडू.

आणि याच पोरीला घरात मात्र तोंड शिवून बसावं लागलं. तिच्या आईला, सिंधुताईंना, कॅन्सर निघाला तो पार पसरल्यावर. आमच्या लोकांत अशा वेळी एक ठराव न बोलताच पास होतो, की ज्याला सोसणार नाही त्याला सांगायचं नाही. सिंधुताईंनी तर लेकीकडून वचनच घेतलं.

“त्याइले सांगू नोको. डोळे गेले, आता मी चालली म्हनून कायले जीव जाळाचा त्याइचा?”

रायपूरच्या इस्पितळाच्या फेऱ्या गुडघ्यांच्या नावावर खपल्या, बसलेला आवाज सर्दीच्या. केस गेले तेव्हा सिंधुताईंनी डोक्यावरचा पदर पक्का केला. तसंही त्या पिढीत नवरा-बायको येता-जाता एकमेकांना हात लावत नाहीत, आणि निजायला त्या लेकीच्या खोलीत गेल्या होत्या. क्वार्टरांच्या अख्ख्या लाइनीला माहीत, नवऱ्याला नाही. मला हे पटत नव्हतं आणि दिपालीला मी तसं म्हटलंही. वचन दिलंय काका, एवढंच ती म्हणाली.

मारोतरावांना अगदीच काही कळत नव्हतं असं नाही. एकदा माझ्यासमोरच त्यांनी लेकीला विचारलं.

“दिपू, तुई माय बारीक झाली काय? पाऊल वाजत नाई तिचं.”

सिंधुताई आतल्या दारात उभ्या होत्या, नको म्हणून मान हलवत. दिपालीने आईकडे पाहिलं.

“नाई बाबा. हाय तशीच हाय.”

तिच्या शब्दावर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता. गुडघ्यांमुळे हळू चालत असेल, असं स्वतःच म्हणून त्यांनी पुन्हा फोन कानाला लावला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

पौषात एका सकाळी सिंधुताई गेल्या. बायकांनी त्यांना हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. सवाष्ण गेली की नवऱ्याने तिच्या भांगात शेवटचं कुंकू भरायचं, ही आमची रीत. रीत सगळ्यांना आठवली. हे कुंकू आंधळ्या माणसाला हाताने चाचपूनच भरावं लागणार, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मारोतरावांनी चिमटीत कुंकू घेतलं, आणि भांग सापडावा म्हणून डावा हात पदराखाली घातला.

हात तिथेच थांबला. मग कानशिलावरून, गालाच्या हाडावरून, गळ्याच्या खळग्यापर्यंत हळूहळू उतरला. कुंकू त्यांनी अंदाजाने कपाळाला लावलं.

तेरवी आटोपल्यावर दिपाली त्यांच्या पायाशी येऊन बसली. मी उठू लागलो तर मारोतरावांनी मला बसवून घेतलं. तिने सगळं सांगितलं. केस कधी गेले, हाडं कशी वर आली, शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा चमच्याने कसं पाजावं लागलं, आणि कळ आली की आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आई तोंडात पदर कोंबून कशी बसायची. काहीही गोड करून सांगितलं नाही. बाबा, मला हवं ते बोला, असं म्हणून ती रडायला लागली.

मारोतराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तुई माय बाजूच्या खोलीत मरून राह्यली होती,” ते म्हणाले, “अन् मी तिले चाय मांगत होतो. रोज. अन् ते उठून आनून देत होती.”