मिठात ठेवलेली लिंबं

मी बाळकुमची, मिठागरावर राबणाऱ्या बापाची लेक. आमच्याकडे कैरी काय नि मासळी काय, सगळं मिठात टिकायचं. मिठात काही नासत नाही, एवढं एकच शहाणपण मी माहेराहून घेऊन आले. जळो ते शहाणपण!

कल्याणला सासरी परसात लिंबाचं झाड होतं. थंडीत उतरलेली लिंबं सासूबाई मडक्यात कोरड्या वाळूचे थर देऊन ठेवायच्या. एकाला दुसरं लागू द्यायचं नाही. आठवड्याने वाळू उपसून एकेक बघायचं. देठाशी अंगठा रुतला की लिंबू गेलं, आंबूस वास आला की गेलं.

त्या वर्षी थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला जाताना त्यांनी मडकं माझ्या हवाली केलं. पहिल्याच आठवड्यात चार लिंबांवर हिरवी बुरशी! आता बोलणी खावी लागणार. मी वाळू फेकली नि माहेरून आलेलं सगळं मीठ मडक्यात ओतलं. पुन्हा बुरशीचा ठिपका दिसला नाही. देठाशी अंगठा जरा रुतायचा, पण वास चांगला होता. म्हटलं, चालायचंच.

चैत्रात धाकट्या नणंदेला ताप चढला. नऊ वर्षांची पोर, रोज माझ्या अंथरुणात शिरून झोपायची. सासरी माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस. निरोप गेला, सासूबाई धावत आल्या. सात दिवस पोरीने अन्नाला तोंड लावलं नाही. आठव्या दिवशी म्हणाली, "वहिनी, लिंबाचं सरबत दे ना." पोर काहीतरी मागतेय म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं. बाजारात त्या दिवसांत लिंबू मिळत नव्हतं. मी ऐटीत मडक्याकडे गेले.

लिंबू चिरलं तर आत तपकिरी लगदा. जिभेला लावला तर नुसतं मीठ. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं, सगळी तशीच. मेल्यांचं लोणचं झालं होतं!

"अगं, आण ना लवकर," सासूबाई आतून म्हणाल्या. खरं सांगायचा मला धीर झाला नाही. भेकड कुठली! तोच लगदा पाण्यात कालवला, मूठभर गूळ ढवळून तसंच नेलं.

पोरीने एक घोट घेतला. तोंड वाकडं झालं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"कसं झालंय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"गोड झालंय," ती म्हणाली, आणि डोळे घट्ट मिटून सगळं प्यायली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. वैद्यबुवा म्हणाले, ताप वाईट होता, कुणाचा इलाज चालला नसता. नसेलही चालला. त्या संध्याकाळी मी मडकं खाडीत रिकामं केलं.

सासूबाई पुढे कितीतरी वर्षं जगल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "सूनबाईच्या हातचं सरबत तेवढं पोर आवडीने प्यायली हो." मी शेजारी बसून ऐकायची.