पुढच्या डिफ्रन्शियलचा भांडाफोड

चहा आधी संपवून घ्या. मी सांगायला लागलो की तुम्ही फिस्सकन हसणार आणि तो माझ्या शर्टावर उडणार. शर्टावर उडून घेण्याचा माझा या वर्षीचा कोटा संपलाय!

मी लातूरचा पत्रकार. उभं आयुष्य बातमीदारीत गेलं. नवा रस्ता उखडला की मी हजर, टाकी पाझरली की मी हजर. इतक्या वर्षांत माझा एक सिद्धांत तयार झाला: जिथे गळती, तिथे घोटाळा. सिद्धांत सोपा असला की माणूस तो कुठेही लावतो. मी तो दादाच्या गाडीला लावला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मुरुडजवळ शेती करतो. त्याच्याकडे चारही चाकांना जोर देणारी जुनी पिकअप आहे आणि सुलतान नावाचा देवणी जातीचा वळू आहे. वळू म्हणजे काय, पांढरंशुभ्र अंग, तोंडाला काळी झाक, आणि चाल अशी की आमदारानं शिकून घ्यावी! रविवारी देवणीला जनावरांचं प्रदर्शन होतं. दादा वर्षभर त्याचीच वाट बघत होता. अडचण एकच. सुलतान या पिकअपशिवाय दुसऱ्या गाडीत चढत नाही. मारत नाही, ओरडत नाही, नुसता उभा राहतो. ढकलणारी माणसं दमून घरी जातात.

आणि नेमका बुधवारी दादाचा फोन.

"अरं, गाडी पुढनं तेल गाळून राहिली. अंगणात निस्तं थारोळं!"

तुम्हाला गाडीतलं कळत नसेल तर सांगतो. पुढच्या दोन चाकांमध्ये जोर वाटून देणारा एक लोखंडी गोळा असतो, त्याला डिफ्रन्शियल म्हणतात. आत दाट तेल असतं. ते बाहेर येऊ नये म्हणून रबराचं एक कडं बसवतात, ते सील. तेल संपलं की आतले दाते घासणार, आणि गाडी भररस्त्यात बसणार. मागे वळू उभा! कल्पना करा.

लातूरला स्पेअर पार्टचं दुकान असलेल्या आप्पांकडून मी नवं सील घेतलं, मुरुडच्या मेकॅनिकनं ते बसवलं. गुरुवारी पुन्हा थारोळं. दुसरं सील नेलं. शुक्रवारी तिसरं थारोळं!

संपलं. आता पुरावा कशाला हवा? नकली माल!

"दादा, उद्या सकाळी गाडी घेऊन लातूरला ये. या आप्पाला सोडत नाही मी."

"अरं, अजून एक सील घालून बघू की. परवा देवणीला जायाचंय."

"तुमच्या असल्या सोसण्यामुळंच हे लोक माजलेत!"

"मी कुठं सोसून राहिलो? मी वळू न्यायचा म्हणून राहिलो."

तरी बिचारा आला. वाटेत दोनदा थांबून गोळ्यात तेल ओतत आला. दुकानासमोर गाडी लावली आणि मी फोन त्याच्या हातात दिला. आमच्या पेपरच्या ऑनलाइन पानावर लाइव्ह सुरू! 'नकली सीलचा भांडाफोड, पाहत राहा.'

आप्पा म्हणजे कपाळावर विभूती, गालात सुपारी आणि आवाज माझ्यापेक्षा दुप्पट. मी सुरुवातच वरच्या पट्टीत केली.

"आप्पा! दोन दिवसांत दोन सीलं गळाली. जनतेला उत्तर द्या!"

"जनता कुठं हाय? दोघंच तर आलाव तुमी."

"जनता या फोनमध्ये आहे!"

आप्पांनी फोनला हात जोडले. "राम राम जनता. ह्येच सील माझ्या सोताच्या गाडीला हाय, थेंब गळत न्हाई. पर गाडीची निगा ठिवावी लागती. निस्तं पेपरात लिवून सील टिकत न्हाई."

निगा? मला? लाइव्हमध्ये? माझ्या कानातून धूर निघाला!

"दादा, कॅमेरा इकडे!" मी बॉनेट उघडलं. "पाहा, ही बारीक नळी! खालच्या गोळ्यातून वर येते. मागच्या महिन्यात मी गावी गेलो तेव्हा हिचं तोंड सताड उघडं होतं. कुणातरी बेफिकीर माणसानं काम अर्धवट टाकलेलं! आत धूळ जात होती, धूळ! मग तिच्यात बोल्ट कुणी ठोकला? मी! वरून क्लिप कुणी आवळली? मी! याला म्हणतात निगा!"

आप्पांचं सुपारी चघळणं थांबलं. त्यांनी नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन पावलं मागं सरकले. मला वाटलं, घाबरले!

मग काय, मला चेवच चढला. "किती घट्ट बसवलाय तेही बघा!" म्हणत मी क्लिप सैल केली आणि बोल्ट पिळला.

फुस्स्स्!

बोल्ट माझ्या कानाजवळून गेला. मागोमाग कोमट, काळं, कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारं तेल थेट माझ्या चेहऱ्यावर, मिशीवर आणि परीटघडीच्या शर्टावर!

मग आप्पा शांतपणे म्हणाले, "ती नळी उघडीच ठिवायची असती साहेब. गोळा तापला की आतली हवा तिथनंच निगती."

दादाच्या डोक्यात उजेड पडायला एवढं पुरलं.

"म्हंजी कुकरची शिट्टीच बांधून ठिवलीस की रं! मग वाफ कुठनं जाईल? सील ढकलूनच निगंल न्हवं!"

"दादा, आधी ते लाइव्ह बंद कर!"

"कुठं दाबू?"

"लाल बटण!"

"ह्ये का?... आता मीच दिसून राहिलो की ह्यात!"

"दुसरं दाब!"

"दाबलं. आता परत तू आलास. लई काळा दिसून राहिलास."

आणि हे सगळं लाइव्ह! आमच्या संपादकांनी खाली कॉमेंटमध्ये हसऱ्या तोंडांची रांग टाकली होती. स्वतःच्या पेपरचा संपादक!

आप्पांनी शेजारच्या गॅरेजमधून माणूस बोलावून तिसरं सील बसवून घेतलं, नळी मोकळी ठेवून तिचं तोंड खाली वळवलं. त्यानंतर गाडी एक थेंब गळाली नाही. रविवारी सुलतान ऐटीत चढला, आणि आम्ही वेळेवर देवणीत.

पण तो वास! साबण झाला, डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं. वास तसाच. गाडीत दादानं खिडकीबाहेर डोकं काढून प्रवास केला.

मैदानात सुलतानची पाळी आली. पंच जवळ आले, तसा मी फोटो काढायला पुढं घुसलो. सुलताननं एकदा माझ्या दिशेनं नाक फुगवलं आणि बिथरलाच! फुरफुर काय, दाव्याला हिसके काय, खुरानं माती उकरणं काय! दादाचा चेहरा पडला.

पंचांनी कपाळाला आठ्या घातल्या. "वळू मारका दिसतोय. स्वभावाचे गुण कापावे लागतील."

"न्हाई साहेब, वळू लई गरीब हाय!" दादा कळवळून म्हणाला. "मारका त्यो हाय, फोटो काढणारा. त्येला जरा लांब बांधा."

पंचांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि मान डोलावली. दोघांनी मला दंडाला धरून दोरीच्या पलीकडे नेलं. सुलतान तत्काळ थंड. शेपूट हलवत असा उभा राहिला, जणू गोठ्यातच आहे.

पहिला नंबर! पंचांनी भोंग्यावरून जाहीर केलं, "स्वभावाला पैकीच्या पैकी गुण."

त्याच्या हो. माझ्या नव्हे.