तांड्याच्या नावापुढचं शून्य

हे आजवर कुणाला कळलेलं नाही — घरात नाही, कचेरीत तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, पण मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. माझं मन चांगलं भक्कम आहे.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. आमच्या घराण्यात सही करणारा पहिला माणूस मी, आणि एकदम बी.ए. त्याचा तोरा होता — आजही आहे, का नसावा? कळमनुरीच्या आसपासच्या अकरा वस्त्यांत नारूचे रोगी मोजायचं काम मला मिळालं. लोक बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालत, तेच पाणी पीत, आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा जंत निघे. मी घरोघर फिरलो. आलेखाच्या कागदावर वस्तीगणिक लाल शाईचा खांब काढला. जिथला खांब उंच, तिथल्या पायऱ्या आधी बुजवून रहाट बसवायचा, असं ठरलेलं. साहेबांनी आलेख कचेरीच्या भिंतीवर लावला. सुरेख होता. त्यातले दहा खांब आजही कुणीही तपासावेत.

अकरावा — अकरावा बंजाऱ्यांचा तांडा होता.

तिथं मी गेलोच नाही. बुधवारी येतो असा निरोप धाडला, आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. का? तुम्ही म्हणाल, जातीपायी. तसं असतं तर त्या काळी कुणी विचारलंही नसतं. पण ते खरं नाही. बाकी गावांत पाटलाकडे चहा मिळे, उकळलेला. तांड्यात पाऊल टाकलं की आधी तांब्याभर पाणी पुढं येतं. ते पिण्याची भीती — आणि नको म्हणायची त्याहून मोठी. एवढा शिकलेला माणूस पाण्याला भितो, हे दिसलं असतं ना.

रकाना कोरा ठेवला असता तर साहेबांनी दुसऱ्याला पाठवलं असतं. म्हणून शून्य लिहिलं. शून्याला खांब नसतो. तांड्यावर रहाट बसला नाही.

पुढच्या वर्षी कळमनुरीच्या बाजारात तांड्याचे नाईक, तिथले प्रमुख, भेटले. पोटरीला फडकं, आणि अर्धवट निघालेला जंत काडीला गुंडाळलेला.

"काहून आले न्हाई साहेब? आमच्या वाटंचे काटे बुटाला चावले का?" ते हसले. "बाईनं तुमच्यासाठी पाणी दोनदा गाळून ठेवलं व्हतं. लेकरायला हात लावू दिला न्हाई."

पाणी गाळून प्या, हे घरोघर सांगत मीच फिरलो होतो. ते सांगणं तांड्यापर्यंत पोचलं, मी नाही.

"पण मोजलं ना आमाला?"

"मोजलं," मी म्हणालो.

पहिलं खोटं भीतीपोटी लिहिलं, म्हणा हवं तर. या वेळी पुढ्यात पाण्याचा तांब्याही नव्हता.