भिंतीवरच्या कैच्या

एकविसाव्या वर्षी मला जगातलं सगळं येत होतं. पुढे ते हळूहळू कमी होत गेलं.

ठाण्याला सहा महिने जाऊन मी टायपिंग आणि ऑफिस व्यवस्थापनाचा वर्ग केला होता. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी ते सर्टिफिकेट फ्रेम करून देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलं. त्याला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी होतं. त्या जोरावर भिवंडीत, नारपोलीतल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात मला नोकरी लागली. ही सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. शेठना वाटत होतं की मिलच्या ऑफिसात असते तशी एक शिकलेली बाई आपल्याही ऑफिसात असावी. मलाही तेच वाटत होतं.

ऑफिस म्हणजे कारखान्याच्या तोंडाशी एक पत्र्याची खोली. पलीकडे चाळीसएक लूम दिवसभर खडखडत, त्यामुळे आम्ही सगळे ओरडून बोलायचो आणि घरी गेल्यावर आई म्हणायची, भांडतेस कशाला. ऑफिसात माझ्या आधीपासून, वीस वर्षं, एक दिवाणजी होते. ते वळ गावाहून सायकलवर यायचे, डोक्यावर काळी टोपी, कानावर पेन्सिल. कुठला तागा कुठल्या व्यापाऱ्याकडे गेला, कुठला लूम कधी बिघडला, हे त्यांना तोंडपाठ. कागद मागितला की ते टोपीवर बोट आपटायचे. मी माझ्या वहीत लिहून ठेवलं, ‘सर्व माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असणे धोक्याचे.’ हे वाक्य वर्गातल्या मास्तरांचं होतं आणि ते खरंही होतं. पण ते डोकं मला आधी वापरता आलं असतं, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

मी कामाला लागले. आलेल्या पत्रांचं रजिस्टर, गेलेल्या पत्रांचं रजिस्टर, फायलींवर चिठ्ठ्या, टेलिफोनजवळ दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. मग नियमांचा बोर्ड केला. रजा हवी असल्यास तीन दिवस आधी लेखी अर्ज द्यावा. अर्ज न देता गैरहजर राहिल्यास नाव कमी होईल. रजिस्टरात खाडाखोड चालणार नाही. वळणदार मराठीत लिहिला होता. आमचे कारागीर जवळजवळ सगळे उत्तरेकडचे, त्यातल्या बहुतेकांना हिंदीसुद्धा वाचता येत नव्हतं. बोर्ड वाचणारी माणसं दोनच, मी आणि दिवाणजी, आणि दिवाणजींना रजा नको होती.

हजेरीचं नवं रजिस्टर मी स्वतः लूमच्या रांगांतून फिरून केलं. ज्या लूमवर जो माणूस उभा दिसला त्याचं नाव त्या लूमपुढे लिहिलं. याहून सोपं आणि खरं काय असणार?

दिवाणजींच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती आणि सात-आठ खिळ्यांवर धागे कापायच्या जुन्या कैच्या लटकत होत्या. प्रत्येकीला रंगीत चिंधी बांधलेली, काही गंजलेल्या. शुक्रवारी सगळ्या भिवंडीतले लूम बंद, दिवाणजीही नाहीत. त्या शांततेत येऊन मी भिंत झाडली, कैच्या काढून डब्यात भरल्या, चिंध्या गुंतत होत्या म्हणून सोडून टाकल्या, खिळेसुद्धा उपटले आणि तिथे एक कॅलेंडर लावलं.

शनिवारी दिवाणजी आले, भिंतीकडे पाहत उभे राहिले. मला वाटलं, माणूस स्वच्छतेने भारावला. त्यांनी विचारलं, कैच्या कुठे गेल्या. मी डबा दाखवला आणि गंजावर छोटंसं भाषण दिलं. ते ‘बरं’ म्हणाले आणि आत शेठकडे गेले. शेठ म्हणाले, दोन महिने पोरीच्या पद्धतीने चालू द्या. त्यानंतर दिवाणजी माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलेनात. तो हट्ट त्यांचाही होताच, पण माझ्या हट्टापुढे तो लहान भाऊ.

दहा-बारा दिवसांनी मुलुखाहून एक कारागीर परत आला. पन्नाशीचा माणूस, मला तेव्हा म्हाताराच वाटला; मुलीच्या लग्नाला गेला होता तो अडीच महिन्यांनी उगवला. हातात पत्र्याची पेटी, आमच्यासाठी कागदाच्या पुडीत लग्नाचे लाडू. पुडी टेबलावर ठेवून तो सरळ भिंतीकडे गेला. कॅलेंडर उचलून त्याने खाली पाहिलं, मग खिळ्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं. पेटी घेऊन तसाच आत गेला.

थोड्या वेळाने मुकादम त्याला आणि आणखी एकाला घेऊन ऑफिसात आले. दुसरा पंचविशीतला, एकोणीस नंबरच्या लूमवर उभा असायचा. तो लूम सोडायला तयार नव्हता. म्हणाला, “रजिस्टर में मेरा नाम है. बाई ने खुद लिखा है.”

खरं बोलत होता. म्हाताऱ्याचं म्हणणं एवढंच की नऊ वर्षं एकोणीस नंबर मीच चालवतोय. लूम गेला तर त्याची खोलीतली जागाही जाणार होती, कारण त्या खोलीत लूमवाल्यांनाच पाळीने झोपायला मिळायचं. नुकतंच मुलीचं लग्न करून आलेला माणूस त्या वयात दारोदार लूम शोधत फिरणार होता.

शेठ बाहेर आले. सगळं ऐकून म्हणाले, रजिस्टर बाईंचं आहे, बाईंनीच सांगावं. मी दिवाणजींकडे पाहिलं. ते म्हणाले, माझं डोकं त्या शनिवारीच रद्द झालंय.

मग मी काय केलं असेन? बोर्डाकडे वळून नियम वाचून दाखवला. तोही हिंदीत भाषांतर करून, अक्कल दाखवत. अर्ज दिला नाही, नाव कमी.

म्हाताऱ्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “बाई, मैं गया तब तो आप आई भी नहीं थीं. अर्ज़ी किसको देता?”

तेव्हा दिवाणजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“पोरी,” ते म्हणाले, “त्या कैच्या न्हाय, आमचा मस्टर हाय.”

गावी जाणारा कारागीर आपली कैची आपल्या लूमच्या खिळ्यावर अडकवून जायचा. कैची भिंतीवर आहे तोवर लूम त्याचा, उभा राहील तो बदलीवाला. परत आला की कैची काढायची आणि आत जायचं, बदलीवाला न बोलता बाजूला व्हायचा. वीस वर्षांत भांडण नाही. मी नावं लिहिली त्यातली सात-आठ बदलीवाल्यांची, आणि पुरावा डब्यात भरला.

पेन उचलायला मला वेळ लागला, हे कबूल करते. मग मी त्या पोराचं नाव खोडलं. खाली लिहिलं, ‘ही नोंद माझ्या चुकीने झाली. लूम नंबर एकोणीस पूर्वीच्याच कारागिराचा,’ आणि सही केली. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. माझ्या रजिस्टरातली पहिली खाडाखोड माझीच.

पंचविशीतला पोरगा माझ्याकडे न पाहता गेला. त्याचं बरोबर होतं, त्यालाही मीच हूल दिली होती. दिवाणजींनी दुपारी सायकल काढली आणि दोन गल्ल्या सोडून एका कारखान्यात त्याला उभं केलं. बाकीच्या कैच्या कुणाच्या, हे त्यांनी डब्यातून एकेक काढून नुसत्या मुठीवरून ओळखलं. खिळे मी पुन्हा ठोकले, आणि प्रत्येक खिळ्याखाली लूमचा नंबर रंगवला. शेजारी रजेचं रजिस्टर ठेवलं, त्यात मीच विचारून लिहायचे आणि जाणारा अंगठा द्यायचा. दोन्ही पद्धती वर्षानुवर्षं चालल्या.

म्हातारा मात्र रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी ऑफिसच्या दारात उभा राहायचा. म्हणायचा, “बाई, पढ़के सुनाओ.” मी एकोणीस नंबर काढून त्याचं नाव वाचायचे. तो मान हलवून आत जायचा. महिनाभर हे चाललं.

मग तो यायचा बंद झाला. बसला बाई विश्वास, असं म्हणत मी आठवडाभर हवेत होते. एकदा नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर पोहोचले. दारातून पाहिलं तर दिवाणजी चष्मा लावून माझं रजिस्टर उघडून बसलेले, आणि तो शेजारी उकिडवा बसून त्यांच्या बोटाखाली आपलं नाव बघत होता.

त्यांचं वाचून होईपर्यंत मी बाहेरच थांबले.