आठ पॅनेल आणि एक सरळ रेघ

चौकीचं नाव सांगत नाही, आमच्यात ती पद्धत नाही. उंची सोळा हजार फुटांच्या आसपास. माणसं चौदा, बंकर तीन. सप्टेंबरच्या शेवटी, दुपारी दोन वाजता मी तिथे पोचलो. मी हवालदार आडे, यवतमाळ जिल्ह्यात बोरी अरबजवळच्या एका तांड्यातला. पोस्ट कमांडर एक तरुण कॅप्टन साहेब होते. त्यांच्यानंतर माझा नंबर, म्हणजे चौकीचा संसार माझ्याकडे: राशन, तेल, ड्यूटी आणि साफसफाई.

पहिला आठवडा मी फक्त पोर्टरांची रांग पाहत होतो. खालच्या कॅम्पपर्यंत खेचरं यायची, पुढे माणसाची पाठ. पाठीवर वीस लिटरचा जेरीकॅन. डिझेल जनरेटरसाठी, केरोसीन बुखारीसाठी. बुखारी म्हणजे बंकर गरम ठेवणारी शेगडी. जनरेटर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास चालायचा, रेडिओ सेटच्या बॅटऱ्या चार्ज करायचा आणि आमच्या नाकात काजळी भरायचा. थंडी वाढली की डिझेल घट्ट व्हायचं आणि जनरेटर रुसून बसायचा.

ती रांग पाहून मला आमच्या लोकांची लदेणी आठवायची. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आजोबा त्यांचा एक नेम सांगत: वाटेत जे मिळेल ते बैलावर लादायचं नाही. चारा, पाणी, सरपण जिथलं तिथे घ्यायचं, नाहीतर बैल स्वतःचाच चारा वाहून मरतो. आम्ही मात्र सोळा हजार फुटांवर, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, खालून डिझेल वाहून आणत होतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आठ सोलर पॅनेल आली आणि त्यांच्याबरोबर नायक सुहास मुळे आला. सॅपर्समधला, म्हणजे फौजेच्या इंजिनियर पलटणीतला इलेक्ट्रिशियन, दारव्ह्याचा. वडील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आजोबाही कचेरीतच. मी पहिल्याच दिवशी त्याची फिरकी घेतली, म्हटलं, तुमच्या घराण्यात आजवर सगळ्यात उंच चढाई म्हणजे कचेरीच्या पायऱ्या. तो हसला आणि म्हणाला, त्याही मोजल्या आहेत, एकवीस होत्या.

असा माणूस होता. दिसेल ते मोजायचा आणि हिरव्या वहीत टिपायचा. कामावर असताना मी त्याचा हवालदार साहेब, पण आपल्याकडची बोली कानावर पडली की तो मला भाऊ म्हणायचा. बोलण्यात सारखं 'काहून' यायचं, म्हणजे का. खेचराच्या नाकावर बर्फ काहून धरत नाही? भात शिजायला इतका वेळ काहून लागतो? पहिले काही दिवस मी वैतागलो. मग मीही विचारू लागलो.

आल्यावर चार दिवस त्याने पॅनेल उघडलीच नाहीत. मीटर घेऊन बंकर-बंकर फिरत होता. मला वाटलं, गडी टाइमपास करतोय. तसं मी बोललोही.

"भाऊ, टाकी गळून राह्यली तं नळ मोठा करून काय फायदा?" तो म्हणाला. "आधी वीज जाते कुठी, ते पाहू द्या."

वीज कुठे जाते ते सापडलं. स्टोअरमधला जुना पिवळा बल्ब चोवीस तास जळत होता, कारण त्याचं बटण पिठाच्या पोत्यांमागे दबलं होतं आणि कोणाला आठवतही नव्हतं. बॅटऱ्या थेट गार जमिनीवर होत्या. त्याने त्या फळीवर चढवल्या, फाटक्या स्लीपिंग बॅगेत गुंडाळल्या आणि बुखारीच्या भिंतीला लावल्या. दाराच्या फटीत कांबळी ठोकली. बर्फ वितळवायचा पत्र्याचा ड्रम काळा रंगवून उन्हात ठेवला. दुपारी त्यात बोट घातलं तर पाणी कोमट. सगळी चौकी एकेक करून बोट घालून गेली, कॅप्टन साहेबसुद्धा.

मग पॅनेल उभी राहिली. मोठाल्या दगडांच्या आडोशाने, दोन ओळींत, पण ओळी नावालाच. प्रत्येक पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उभं तिरकं, म्हणजे बर्फ पडला तरी घसरून जाईल. दिसायला सगळा प्रकार शेळ्या चरायला सोडल्यासारखा. पण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जनरेटर फक्त हप्त्यातून एकदा, सुरू होतो का हे पाहण्यापुरता चालू लागला. पोर्टरांची रांग आखूड झाली. मला फार बरं वाटलं. मी मुळेला लदेणीचा नेम सांगितला. त्याने तो वहीत लिहून घेतला.

डिसेंबरात निरोप आला की ब्रिगेड कमांडर साहेब सोलरचं काम पाहायला हेलिकॉप्टरने येणार. कॅप्टन साहेब एवढंच म्हणाले, पोस्ट टिपटॉप पाहिजे. पुढचं डोकं माझं.

फौजेत सरळ रेघेचं वेड असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पलंग रेघेत, बूट रेघेत, आगीच्या बादल्याही रेघेत. तिला आम्ही ड्रेसिंग म्हणतो. माझ्या नजरेला ती वाकडीतिकडी पॅनेल पहिल्या दिवसापासून टोचत होती. मी दोरी ताणली आणि हुकूम दिला: आठही पॅनेल एका ओळीत, तोंड हेलिपॅडकडे, कोन सगळ्यांचा सारखा, जवळजवळ आडवा, म्हणजे उतरताना साहेबांना काच चमकताना दिसेल. हेलिपॅड पूर्वेला होतं.

"भाऊ, सूर्य हेलिपॅडवर उतरत नाही," मुळे म्हणाला.

"साहेब उतरतात. ते गेले की परत फिरव."

त्याने पाना उचलला. हुकूम होता. दगडांमुळे जागा कमी पडत होती, म्हणून ओळ डोंगराच्या धारेकडे सरकली. आठवं पॅनेल अगदी शेवटाला गेलं. तिथे वाऱ्याने साचलेल्या बर्फाची कड पुढे आली होती आणि तिच्याखाली जमीन नव्हती. आपली दोरी त्या कडेच्या तीन हात अलीकडे आहे, असा माझा अंदाज होता. अंदाजच. मुळेसारखं मोजलं नव्हतं.

साहेब अकराला आले आणि अकरा पस्तीसला गेले. ओळीचं खास कौतुक झालं. एक वाजता ढग आले. मी म्हटलं, उद्या फिरवू. तीनला बर्फ सुरू झाला आणि तो दोन दिवस थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिपाही बलबीरला धाप लागली. संध्याकाळपर्यंत छातीत घरघर सुरू झाली. उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं, त्यातला प्रकार. उपाय एकच, खाली नेणं, आणि त्या बर्फात पायवाट बंद होती. आमच्याकडे ऑक्सिजनचे दोन सिलिंडर होते. सहा वाजता बटालियनला कळवलं. उत्तर आलं की हेलिकॉप्टर तयार ठेवतो, पण सकाळी तुम्ही हवामान सांगितल्याशिवाय पायलट उडणार नाही.

सकाळी सातला बर्फ थांबला. मुळेने बॅटऱ्यांचं रीडिंग घेऊन वहीत लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली. सेट ऐकू शकत होता, बोलू शकत नव्हता. बटण दाबलं की दिवा विझायचा. दोन दिवस पॅनेल आडवी, बर्फाखाली होती, आणि त्या वाऱ्यात धारेवर जाऊन ती झाडणं शक्य नव्हतं. पूर्वीसारखी उभी असती तर बर्फ घसरून गेला असता आणि ढगातूनही थोडंफार मिळालं असतं. जनरेटर तासभर ओढला, त्याची नळी गोठली होती. बलबीरचा दुसरा सिलिंडर लागला होता.

मुळेने वही मिटली आणि पाना शोधायला गेला. त्याने मला सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ऊन पडलं. सेटवर कॅप्टन साहेब, मीटरवर मी आणि बाहेर मुळे, अशी वाटणी झाली. त्याने कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक खुंटीला. हातमोजे काढून पाना धरायचा, एक पॅनेल झाडायचं, उभं करायचं, दक्षिणेला वळवायचं आणि ओरडायचं, "किती?" मी काटा पाहून आकडा सांगायचो. पहिल्या पॅनेलला काटा जेमतेम हलला. चौथ्याला मी त्याला म्हटलं, चढून राह्यलं. मग तो आकडा ऐकून प्रत्येक पॅनेल बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत राहिला. तेवढ्या घाईतही त्याला नेमका कोन हवा होता.

सातव्या पॅनेलनंतर, दहा वाजून पाच मिनिटांनी, कॅप्टन साहेबांनी बटण दाबलं. दिवा राहिला.

"टायगर फॉर अल्फा. मौसम साफ. हवा हल्की. ओव्हर."

"अल्फा फॉर टायगर. चालीस मिनट. आउट."

हेलिकॉप्टर येणार होतं. मी बाहेर धावलो. मुळे आठव्या पॅनेलकडे निघाला होता. त्याचा दोर सातव्यापर्यंतच पुरला होता. तो जुन्या जागांच्या मापाने कापलेला होता. त्याने तो सोडून ठेवला होता.

"मुळे, सेट चालू झाला. सात पुरे. ये."

"एकच राह्यलं भाऊ. त्याले काहून उपाशी ठेवता?"

तो गुडघ्यावर बसला. पाना लावला. कड आवाज न करता गेली. पॅनेल गेलं आणि तोही गेला. वेळ दहा वाजून बारा मिनिटं.

बलबीरला दहा पन्नासला उचललं. तो वाचला. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. मुळेला खालच्या गस्तीच्या तुकडीने दुपारी तीनला बर्फातून बाहेर काढलं. त्याच दिवशी मी उरलेली सात पॅनेल दगडांमध्ये, त्याने लावली होती त्या जागी नेली. चौकशी झाली. बर्फाची कड कोसळून मृत्यू, असं लिहिलं गेलं, आणि ते खरं होतं. पॅनेल तिथे का होतं, हे कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

निवृत्त होऊन मी तांड्यावर आलो. आता आपल्याकडेही छतांवर, विहिरींवर सोलर बसतं. दारव्ह्यापासून घाटंजीपर्यंत लोक मला बोलावतात. मी होकायंत्र आणि मीटर घेऊन जातो आणि आधी घरातले बल्ब पाहतो. लोकांना नवल वाटतं. मुळेच्या घरी मात्र, अंत्यसंस्कारानंतर, मी गेलो नव्हतो. गेल्या वर्षी त्याच्या वडिलांचाच फोन आला. घरावर सोलर बसवलंय, वीज कमी येते, पाहून जा म्हणाले.

सकाळी नऊला गेलो, थेट छतावर चढलो. मिस्त्रीने पॅनेल रस्त्याकडच्या कठड्याला धरून लावली होती, ओळ सुतासारखी सरळ. होकायंत्र ठेवलं. तोंड पूर्वेला. मी बराच वेळ ते बंद करून परत उघडत राहिलो.

मुळेचे वडील, मी त्यांना काका म्हणतो, खालून हिरवी वही घेऊन आले. ती सामानाबरोबर घरी आली होती. त्यांनी एक पान उघडलं. चौकीचा नकाशा होता, दगड, दोन ओळी, प्रत्येक पॅनेलला नंबर आणि अंतरं फुटांत.

"मी जलमभर कागदं वाचले, आडे," ते म्हणाले. "ह्यात आठ नंबर मोठ्या दगडापाशी हाये. फौजेच्या पत्रात लिहिलं का कडेवरून गेला. कागद जुळत नाही. तो कडेवर काहून गेलता?"

मी उभा राहूनच सगळं सांगितलं. साहेबांची भेट, दोरी, ओळ, चौकशीतलं माझं गप्प बसणं. ओळ मी लावली होती, हे दोनदा सांगितलं.

"त्यानं म्हटलं नव्हतं तुमाले?"

"एकदा म्हटलं. सूर्य हेलिपॅडवर उतरत नाही म्हणाला."

काकांना हसू आलं. असाच बोलायचा, म्हणाले, माझ्याशीही. मग चष्मा काढला आणि कठड्याकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता मला जायला सांगतील, आणि मी गेलो असतो. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा पुसून लावला आणि होकायंत्राकडे बोट केलं.

"हे कसं पाहतात ते मले शिकवा. अन् हे सारं फिरवा."

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिस्त्रीला हाताशी घेऊन पॅनेल फिरवली. कठड्याला तिरपी, रस्त्यावरून पाहिलं तर वेंधळी दिसतात. शेजारी विचारतात, वाकडी का बसवली? काका त्यांना वर नेऊन होकायंत्र दाखवतात.

निघताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. पुढची पानं कोरी आहेत, एवढंच बोलले. पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात 'नायक सुहास मुळे, दारव्हा' आहे. शेवटची नोंद सकाळी सातची. तिच्याखाली मी लिहायला घेतलं. रोज दहा वाजता काका मीटर वाचून फोन करतात, आकडा सांगतात, मी टिपतो. मागच्या आठवड्यात दोन दिवस आभाळ भरलं होतं आणि आकडा निम्म्यावर आला. मी टिपून घेतला. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "काहून?"