एका पाळण्यात दोघं नाहीत

उंच इमारतींना बाहेरून रंग देण्याचं काम आम्ही आयुष्यभर केलं. गच्चीच्या कठड्याला लोखंडी आकडे लावायचे, त्यांतून दोर सोडायचे, दोरांना फळी बांधायची. त्या फळीला आम्ही पाळणा म्हणायचो. पाळण्यात दोघं उभे राहायचे आणि भिंत रंगवत वरून खाली यायचे.

माझ्या जोडीदाराला सगळे गाठमास्तर म्हणत. दोराच्या गाठी तेच मारायचे. दुसऱ्याने मारलेली गाठ कितीही चांगली असो, ते सोडायचे आणि पुन्हा मारायचे. मुकादम कावायचा. "मास्तर, रंग द्यायला आलात की गाठी मारायला?"

"गाठी मारायला. वेळ उरला तर रंग देईन."

मास्तरांचा एक नियम होता, आणि तो आमच्या सगळ्या टोळीने मानला. एका घरची दोन माणसं एका पाळण्यात चढवायची नाहीत. बाप-लेक नाहीत, भाऊ-भाऊ नाहीत, साला-मेहुणाही नाहीत. याला कारण होतं. मास्तर ऐन तारुण्यात असताना त्यांचे वडील आणि थोरला भाऊ एकाच पाळण्यात होते. मास्तर शेजारच्या भिंतीवर. खालून कुणीतरी ओरडून सांगितलं की दोर ठीक आहे. दोर ठीक नव्हता. घरी जाऊन आईला सांगायला मास्तर एकटे गेले. काय सांगितलं, कसं सांगितलं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

माझं घर वेगळं, म्हणून मी त्यांचा जोडीदार झालो. निवृत्त झालो तेही एकाच वर्षी. राहतो समोरासमोर.

त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन परदेशात गेलेली. दुसऱ्या वेळेला दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायलाही मनाई केली. जावई बेकरीत पहाटेच्या पाळीला. मोठी नात शाळेत जाणारी. मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो.

"आई, तू ये. बाबा, तुम्ही पण या. मला भीती वाटते."

ही पोरगी लहानपणी गच्चीच्या कठड्यावरून वाकून आम्हाला हाका मारायची. तिने भीती वाटते म्हटल्यावर मास्तरांनी त्याच क्षणी "येतो" म्हटलं.

मग तिकिटांचा शोध सुरू झाला. बसल्या जागी केलेल्या कामाला मी तोवर काम म्हणत नसे. मास्तरांना ते करताना पाहिलं आणि मत बदललं. खिडकीशी स्टुलावर बसायचे, चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. मंगळवारी स्वस्त असतं म्हणून कुणी सांगितलं, मंगळवारी बघितलं. सकाळी स्वस्त असतं म्हणे, सकाळी बघितलं. एक दिवस पुढे, एक दिवस मागे, जवळच्या विमानतळावरून, लांबच्या विमानतळावरून. एकदा इतकं स्वस्त मिळालं की त्यांनी मला हाक मारून बोलावलं. पडद्यावर लाल आकडे उलटे पळत होते आणि खाली लिहिलेलं, शेवटची एकच जागा.

"घेऊन टाका," मी म्हटलं.

"हे घड्याळ मला हाकतंय. जो हाकतो त्याच्या हाताखाली मी गाठ मारत नाही."

बंद केलं. नंतर चौकशी केली तर त्या साइटचा ना पत्ता, ना फोन. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या मेहुण्याचे पैसे तिथेच बुडालेले. त्या दिवसापासून मास्तरांना प्रत्येक स्वस्त तिकिटाची भीती वाटू लागली, आणि महाग घेण्याची ऐपत नव्हती.

वहिनी आतून म्हणायच्या, "अहो, बाळ शाळेत जायला लागेल तोवर मिळेल ना तिकीट?"

शेवटी मिळालं. झालं असं, की एकदा चुकून त्यांनी दोघांऐवजी एकाच माणसासाठी शोधलं आणि भाव खाली आला. पुन्हा दोघांसाठी शोधलं, भाव वर. विमान कंपनीचं हे जुनंच गणित आहे. स्वस्तातली एकच जागा उरली असेल तर दोघं मागणाऱ्याला दोन्ही जागा महागातल्या दाखवतात. मास्तरांनी वहिनींचं तिकीट सकाळच्या विमानाचं काढलं, मध्ये एका ठिकाणी उतरून दुसरं विमान धरायचं. स्वतःचं काढलं त्याच दिवशी संध्याकाळचं, दुसऱ्याच कंपनीचं, दुसऱ्याच वाटेने.

वहिनी कधी विमानात बसलेल्या नव्हत्या. परक्या गावी एकटीने बसही बदललेली नव्हती.

मुलीला स्पीकरवर फोन लावून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, एक स्वस्तातलं आणि एक महागातलं घेतलं असतं, तर एकाच विमानात आला असता. फरक फार नव्हता. तुम्हाला दिसलं नाही का?"

मास्तर चष्मा पुसायला लागले. त्यांना दिसलं होतं. मला कळलं आणि वहिनींनाही कळलं. त्यांनी गॅस बंद केला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मला पाळण्यातला गडी समजलात होय?"

"तसं नाही गं."

"मग कसं? बोला ना. भावजींसमोर बोला."

"पोरीची वेळ अशी आहे. दोघंही एकदम..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "तिच्याजवळ कुणीतरी पोचायला हवं."

"आणि मी मधल्या मध्ये हरवले तर? तेव्हा कोण पोचणार, तुमचा नियम?"

तिकीट रद्द केलं तर एक पैसा परत मिळणार नव्हता. मग मास्तर तयारीला लागले. वहिनींना वाचता येत होतं, पण घाबरल्या की डोळ्यांपुढे अक्षरं नाचतात, असं त्या स्वतःच सांगायच्या. म्हणून मास्तरांनी एक बारीक दोरी घेतली आणि तिला गाठी मारल्या. एकेक गाठ म्हणजे एकेक काम. विमानातून उतरली की पहिली सोडायची. फलकावर पुढच्या विमानाचं दार बघितलं की दुसरी. त्या दारापाशी जाऊन बसली की तिसरी. मग कुणाचा तरी फोन मागून आम्हाला कळवायचं आणि चौथी सोडायची. वहिनींनी दोरी मनगटाला गुंडाळली. त्या हसल्या नाहीत. मला ते बरं वाटलं नाही, कारण एरवी त्या हसल्या असत्या.

सकाळी आम्ही तिघं विमानतळावर गेलो. वहिनी काचेच्या दारातून आत गेल्या. एकदाच वळून बघितलं. पदर दातात. मग गर्दीत दिसेनाशा झाल्या.

मास्तरांचं विमान संध्याकाळी होतं, घरी जाऊन परत येणं परवडत नव्हतं. बाहेरच्या दालनात लोखंडी बाकावर बसलो. मुलीने सांगितल्याप्रमाणे त्यांनी फोनवर एक नकाशा घालून घेतला होता. त्यात विमान कुठे आहे ते ठिपक्यासारखं दिसतं. मास्तर त्या ठिपक्यावरून डोळा हलवेनात. मी चहा आणला, तो त्यांच्या हातात निवला.

"जमीन संपली," ते म्हणाले. ठिपका समुद्रावर गेला होता.

थोड्या वेळाने म्हणाले, "थांबलं."

मी बघितलं. ठिपका थांबला होता.

"विमान थांबत नसतं, मास्तर."

"तेच म्हणतोय मी. विमान थांबत नसतं. मग हे काय आहे?"

आम्ही बघत होतो तेवढ्यात ठिपका पुसट झाला आणि गेला. निळा समुद्र तेवढा राहिला. मास्तरांनी फोन बंद करून चालू केला. समुद्रच. मी उठलो आणि त्या कंपनीच्या खिडकीपाशी गेलो. आतला माणूस सभ्य होता. समुद्रावर या नकाशाला संदेश मिळत नाहीत, असं नेहमी होतं, विमान ठीक आहे, काळजी करू नका, म्हणाला. परत येऊन मी तसंच सांगितलं.

मास्तर म्हणाले, "खालून बघणारा ठीकच सांगतो."

मलाही आता धीर नव्हता. उंचावर काम करताना मला कधी भीती वाटली नाही असं नाही, पण तिथे हाताला काम असतं. ब्रश चालू ठेवायचा, की भीती कमी होते. त्या बाकावर हाताला काहीच नव्हतं. मास्तरांची बोटं मोकळ्या हवेत गाठी मारत होती. मारत होती आणि सोडत होती.

विमान उतरायची वेळ आली आणि गेली. ठिपका परत आला की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण बघून बघून मास्तरांच्या फोनची बॅटरी संपली होती. चार्जरची पेटी भिंतीला होती, पण तीत वीज नव्हती. माझा फोन साधा, बटणांचा. तो मी हातात धरून बसलो.

मास्तरांच्या विमानाची घोषणा झाली. ते उठेनात.

"मास्तर, आत जावं लागेल. तपासणीला रांग असते."

"नाही जात."

"असं कसं?"

"ती कुठे आहे ते कळल्याशिवाय मी वर चढणार नाही." त्यांनी बॅग पायाशी ओढून घेतली. "एकाने उरावं म्हणून मी नियम केला. उरलेल्याचं काय होतं ते मला माहीत होतं रे. मी उरलो होतो ना. तरी तिला विमानात एकटी बसवली आणि इथे उरायला बसलो."

मी त्यांची बॅग उचलली. ती खाली ठेवायला त्यांनी माझा हात दाबला. या वयातही पकड तशीच, मनगट दुखलं. आम्ही दोन म्हातारे बॅगेवरून ओढाताण करत होतो आणि लोक बघत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर लांबलचक, अनोळखी.

"भावजी? यांचा फोन का बंद आहे? काय झालं यांना?"

आधी मला आवाज ओळखूच आला नाही, इतक्या वहिनी घाबरलेल्या. मी काही न बोलता फोन मास्तरांच्या कानाला लावला. तिकडून त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मला सगळं ऐकू येत होतं.

"अहो, तुम्ही आहात ना? फोन बंद लागला, मला काय काय वाटलं! आणि ती पहिली गाठच सुटेना. किती आवळलीत! नखं मोडली माझी. तिथेच उभी राहिले, गाठ सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून. सगळे निघून गेले. शेवटी फरशी पुसणाऱ्या बाईने दातांनी सोडवली. तिचाच फोन आहे हा."

मास्तर खाली बसले. बाकावर नाही, फरशीवरच.

"पुढचं दार सापडलं का?"

"तीच घेऊन आली मला. हात धरून. तुम्ही रडताय का?"

"नाही."

"मग निघा आता. आणि ऐका. येताना मी एकटी येणार नाही. कळलं? नियम तुमच्या भिंतीला लावा."

मास्तर धावले. मी त्यांना त्या वयात धावताना प्रथमच बघितलं. काचेच्या दाराशी वळलेही नाहीत.

दोघंही पोचले. बाळंतपण अवघड गेलं, पण मुलगी वाचली आणि बाळही. दुसरी नात. तीन महिने तिथे राहून आज ते परत येतायत. तिकिटं मास्तरांनीच शोधली, पुन्हा कितीतरी दिवस खर्चून. फोनवर म्हणाले, "दोघांसाठी म्हणूनच शोधलं. महाग पडलं." आवाज बारीक होता. मग म्हणाले, "अरे, नकाशा बघशील ना? कुणीतरी खाली असावं. उतरलो की तुला फोन करतो."

म्हणून शेजाऱ्याचा मोठ्या पडद्याचा फोन मागून आणलाय. मला तो नीट चालवता येत नाही, पण ठिपका कसा शोधायचा ते शिकून घेतलं. दुपारपासून मी खिडकीशी, मास्तरांच्या स्टुलासारख्याच स्टुलावर बसलो आहे. एकाच ठिपक्यात दोघं आहेत. आयुष्यभर जे टाळलं ते आज चाललं आहे आणि मला ते बघायचं आहे.

जमीन संपली. आता समुद्र आहे.

ठिपका थांबला. समुद्रावर संदेश मिळत नाहीत, असं नेहमी होतं, हे मला माहीत आहे. मीच ते मास्तरांना सांगितलं होतं. ठिपका पुसट होतोय. मी हाताला काहीतरी काम असावं म्हणून हे लिहायला घेतलं. आता लिहिण्यासारखं संपलं आहे, आणि माझा फोन वाजलेला नाही.