प्रागजीभाईंचा सहा

"माप किती वेळा लिहायचं? किती वेळा?"

"एकदा, काका."

"मग या बाजूला पुन्हा कशाला लिहिलंस? कारागीर बहिरा आहे? बहिरा आहे?"

प्रागजीभाई पिठवा कुठलाही प्रश्न दोनदा विचारत आणि उत्तर मात्र एकदाच ऐकून घेत. राजकोटच्या एका ऑइल इंजिनाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं ते ड्रॉइंग काढत होते. लोहाराच्या पोराने घण सोडून पेन्सिल धरली म्हणून बाप वर्षभर बोलला नव्हता. पण या एकोणतीस वर्षांत प्रागजीभाईंच्या कागदावरून एकही भाग चुकीचा बनला नव्हता. भंगाराच्या ढिगाकडे बोट दाखवून ते म्हणत, "यात माझं काही शोधून दाखवा. चहा माझ्याकडून."

त्यांचे नियम सगळ्या कारखान्याला पाठ होते. मापं एकाच कडेपासून द्यायची. आकडा आकृतीच्या बाहेर लिहायचा. आकडा बदललाच, तर त्याच्याखाली रेघ मारायची आणि कोपऱ्यातल्या चौकटीत तारीख घालून सही करायची. घरी बाजरीचा रोटला थापणाऱ्या बायकोला, कांचनबेननाही ते विचारत, "मध्य कुठाय? मध्य?" त्या म्हणत, "खाऊन बघा, सापडेल."

रसेश त्यांच्या हाताखाली सात वर्षं होता. त्याचा हात हातात धरून त्यांनी आकडे गिरवून घेतले होते. सहाचं पोट छोटं, शेपूट ताठ. शेवटी दोघांचे सहा शेजारी ठेवले तर प्रागजीभाईंनाही आपला कुठला ते सांगता येईना. त्या दिवशी खूश होऊन त्यांनी सगळ्यांना गाठिया खिलवले.

मार्चमध्ये गिअरच्या झाकणांची चाळीस नगांची खेप तयार झाली. त्यातलं एकही इंजिनावर बसेना. भोक दोन मिलिमीटर सरकलेलं. प्रागजीभाईंनी ट्रेसिंग, म्हणजे मूळ ड्रॉइंगचा पारदर्शक कागद, काढून खिडकीच्या काचेवर धरलं. चौऱ्याऐंशीच्या जागी शहाऐंशी होते. सहाखालचा कागद ब्लेडने खरवडून कांद्याच्या सालीसारखा झाला होता. झाकणं ओतली होती रसेशच्या मेहुण्याने, आणि ज्यात भोक पाडायचं तो उंचवटा ओतकामातच सरकला होता. मेहुण्याचा माल परत पाठवायचा सोडून रसेशने त्याला जुळेल असा आकडाच सरकवला होता. दुपारी एक ते चार, राजकोटच्या रिवाजाप्रमाणे सगळे घरी जातात आणि कारखाना झोपलेला असतो तेव्हा.

कारखान्याचे मालक वेलजीशेठ यांच्या केबिनमध्ये प्रागजीभाईंनी ट्रेसिंगवर पट्टी ठेवली. "ही रेघ बघा, शेठ. बरोब्बर चौऱ्याऐंशी. आकडा बदललाय. खाली रेघ नाही, चौकटीत सही नाही. मी असं सोडीन? सोडीन?"

"काय रे रसेश?" शेठ म्हणाले.

रसेशने मान खाली घातली, पण आवाज खाली गेला नाही. "रेघ कधी मोजायची नाही, शेठ. कधी नाही. कागद ताणतो, आखडतो. आकडा वाचायचा. काकांनीच शिकवलंय."

तंतोतंत प्रागजीभाई बोलल्यासारखं झालं. शेठांना हसू आवरेना.

"आणि अक्षर कुणाचं?"

"काकांचंच. त्यांचा सहा मी झोपेतसुद्धा ओळखीन."

प्रागजीभाई त्याच्याकडे वळले, "अरे, तुझा मेहुणा..."

"घरचं घरी, प्रागजीभाई," शेठांनी हात वर केला. "वय झालं, नजर चुकते. कोण तुम्हाला फाशी देतंय? आकडा नीट करा, चौकटीत सही ठोका, विषय संपला."

सही करणं म्हणजे चूक पदरात घेणं. प्रागजीभाईंनी हलक्या हाताने सहा खरवडला, चार लिहिला, खाली रेघ मारली. चौकटीत तारीख घातली, काय बदललं ते लिहिलं. सहीची जागा मोकळी ठेवून पेन टेबलावर ठेवलं.

"ज्याने आधी बदललं, त्याने करावी."

शेठ फोनकडे वळले होते. प्रागजीभाई रसेशकडे बघत राहिले. अजूनही पोरगा सुधारेल असं त्यांना वाटत होतं. रसेशने बाही सावरली, पेन उचललं, वाकला आणि सही केली.

प्रा. पिठवा. तोच कल, खाली तोच फराटा. इतकी सफाईदार, की क्षणभर प्रागजीभाईंना वाटलं, आपणच केली.

रसेशने पेनाला टोपण लावलं, दोन्ही हातांनी अदबीने त्यांच्यापुढे धरलं.

"एक वाजला, काका. घरी जा, कांचनकाकी जेवायच्या थांबल्या असतील."